शनिवारची उत्तरं

इंगेयेर्डकडे होडी नव्हती, आणि होडीघरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

होडीघर म्हणजे काही खरं घर नव्हे. लाकडी होड्या सांभाळणाऱ्या माणसांनी इंटरनेटवर थाटलेला तो एक अड्डा. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची सात-आठशे माणसं तिथे येऊन विचारायची, सांगायची, भांडायची. तिथली रीत अशी की कोणी स्वतःचं नाव लावायचं नाही, होडीचं लावायचं. त्यामुळे चौऱ्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा तिथे 'आल्मा' म्हणून वावरायचा आणि त्याला कोणी हसत नसे. 'एब्बा, तुझा गुडघा कसा आहे?' असं कोणी विचारलं की पोलीसखात्यातून निवृत्त झालेला, सहा फूट उंचीचा, अड्ड्याची सगळी व्यवस्था पाहणारा गृहस्थ आपल्या गुडघ्याचं रडगाणं सुरू करायचा. इंगेयेर्डला सगळे 'स्वालन' म्हणत. स्वालन म्हणजे पाकोळी. अकरा वर्षं ती त्या नावाने ओळखली जात होती, आणि त्यांतली आठ वर्षं ती होडीच जगात नव्हती.

होडी होती तेव्हा तीही तिची नव्हती, नवऱ्याची, केंटची होती. केंट एका फेब्रुवारीत ओरेग्रुंड सोडून येव्लेला राहायला गेला. एकटा गेला नाही. जाताना त्याने गाडी नेली, कॉफीचं यंत्र नेलं, भिंतीवरचं घड्याळ नेलं, आणि होडी ठेवली. ती बंदरामागच्या छपरात दोन लाकडी घोड्यांवर उभी होती. इंगेयेर्डने पहिल्यांदा तिच्याखाली वाकून पाहिलं तेव्हा फळ्यांच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता. घरी येऊन तिने होडीघरात एक प्रश्न टाकला: 'फळ्यांमधून माझं बोट आरपार जातं. काय करू?'

त्रेचाळीस उत्तरं आली. नऊ पानं. त्यांत दोघेजण डांबर कुठलं चांगलं यावरून हमरीतुमरीवर आले होते, एकाने मध्येच हेरिंग माशाचं लोणचं कसं घालायचं ते सांगितलं होतं, आणि बाकीच्यांनी त्या लोणच्यावर दीड पान खर्ची घातलं होतं. कामाच्या गोष्टी त्या सगळ्यात पेरल्यासारख्या पडल्या होत्या. इंगेयेर्डने पानं छापून घेतली, पेन्सिल घेतली, आणि नको ते खोडत गेली. उरलं ते क्रमाने उतरवलं तर एक पानही भरेना. तिने ते पान तसंच परत होडीघरात टाकलं. कोणीतरी लिहिलं, 'स्वालन, नऊ पानांत आम्ही एवढं शहाणपण सांडलं होतं हे आम्हालाच माहीत नव्हतं.' दुसऱ्याने लिहिलं, 'दर आठवड्याला करशील का गं?'

दर आठवड्याला ती करू लागली.

होडी मात्र वाचली नाही. तिसऱ्या वसंतात बंदरावरच्या सुताराने तळाच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. त्याने तो बाहेर काढला, पँटला पुसला आणि म्हणाला, 'वाल्बोरीला दे.' वाल्बोरीच्या संध्याकाळी, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, धक्क्याच्या टोकाला होळी पेटते. तिच्यात गावातल्या मेलेल्या होड्या घालायची चाल जुनी आहे. गायकवृंदाने थंडीत आखडलेल्या आवाजांनी वसंताची गाणी म्हटली. वर्षानुवर्षं डांबर प्यायलेलं लाकूड भडभडून पेटलं. इंगेयेर्ड घरी आली, बूट काढले, होडीघर उघडलं. तिथे कोणीतरी विचारलं होतं, 'स्वालन, यंदा पाण्यात कधी?'

'बघू,' तिने लिहिलं. 'अजून पाणी गार आहे.'

पुढच्या वर्षी तिने लिहिलं, रंग राहिलाय. त्याच्या पुढच्या वर्षी, पाठ धरलीय. मग लोकांनीच विचारणं सोडलं.

आठवड्याचे पाच दिवस ती वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात काम करायची. चादरी, अभ्रे, टॉवेल. शनिवारी सकाळी सातला कॉफी घेऊन खिडकीपाशी बसायची आणि आठवडाभराची चर्चा उलगडायची. आधी सगळं छापायचं, कारण पडद्यावर तिला खोडता येत नसे. मग पेन्सिल. नमस्कार-चमत्कार खोडायचे. हवापाणी, गुडघे, नातवंडं खोडायची. थट्टा खोडायची. शेवटी प्रश्नही खोडायचा, कारण प्रश्न काय, तेच तेच असतात. माणसं येतात ती उत्तरासाठी. मग उरलेलं विषयवार लावून, प्रत्येक उत्तराखाली ते देणाऱ्याचं नाव घालून, दुपारी बाराच्या आत होडीघरात टाकायचं. छापलेली पानं फायलीत. फायली कपाटात. कपाट भरलं तेव्हा तिने केंटच्या बाजूचं कपाट रिकामं केलं.

सगळ्यात जास्त पेन्सिल झिजायची आल्मावर. हा म्हातारा कुठलीही गोष्ट सरळ सांगतच नसे. आधी वारा कुठून आहे ते, मग कुत्र्याने काय केलं ते, मग विचारणाऱ्याची थोडी खेचायची, आणि मग बोलता बोलता मुद्द्याचं. पण मुद्द्याचं असं असायचं की दुसऱ्या कोणाकडे नसायचं. त्याचं एक पान ती तीन ओळींवर आणायची. एकदा त्यानेच लिहिलं होतं, 'स्वालनच्या हातून आपली उत्तरं वाचली की वाटतं, मी किती शहाणा आहे! घरी कोणाला पटत नाही.'

तीन वर्षांपूर्वी होडीघर नव्या जागी हललं. जुन्या चर्चा सोबत नेता येणार नाहीत, असं एब्बाने कळवलं. कोणी फारसं मनाला लावून घेतलं नाही. 'जाऊ दे,' लोक म्हणाले, 'शनिवार आहेत ना.' इंगेयेर्डची सगळी पानं नव्या जागी नेली गेली. मूळ बोलणं पुसलं गेलं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी 'वेगा' नावाच्या माणसाने पाच फोटो टाकले.

वेगा गेल्या हिवाळ्यातच आला होता. मामाची होडी वारशाने मिळालेला, पस्तिशीचा, उत्साही. होडी नऊ वर्षं धान्याच्या कोठारात कोरडी पडलेली. फोटोत तिचा आतला भाग होता. फळ्यांना आतून धरणाऱ्या पाच बरगड्या मधोमध मोडल्या होत्या. पिवळं कोरं लाकूड उघडं पडलं होतं. फळ्यांवरचे खिळे डोकी वर काढून बसले होते.

'कोरड्या फटी साफ करून कडक लुकण दाबून भरा, असं आल्माने सांगितलंय,' वेगाने लिहिलं होतं. 'शनिवारच्या उत्तरांत आहे. मी तस्संच केलं, अख्खा एप्रिल त्यात घातला. पाण्यात सोडल्यावर दहा दिवसांत हे. फळ्या फुगल्या, त्यांना जायला जागाच नव्हती, त्यांनी बरगड्या फोडल्या. आता बंदरावरचा प्रत्येक माणूस मला सांगतोय की हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मग आल्माला कसं कळलं नाही?'

दुपारपर्यंत खाली रांग लागली. 'आल्मा, अरे, पाण्याखाली कडक लुकण? झोपेत लिहिलंस का?' 'म्हाताऱ्याला आता किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवा.' 'जुनं लाकूड. वरून बरं दिसतं, आतून भुसा.'

संध्याकाळी आल्माचं उत्तर आलं. वारा नाही, कुत्रा नाही. 'मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. पण स्वालनने लिहून ठेवलंय म्हणजे म्हटलंच असणार. ती चुकत नाही. वेगा, मला माफ कर. असं आठवेनासं झालं की माणसाने गप्प बसावं.'

इंगेयेर्ड उठली. कपाट उघडलं. कुठली फाईल हे तिला पक्कं माहीत होतं, तरी तिने आधी दोन चुकीच्या काढल्या.

पाच वर्षांपूर्वीचं पान. प्रश्न विचारणारी 'एरिका': 'माझ्या डेकच्या फळ्यांत फटी पडल्यात, पावसाचं पाणी खाली बिछान्यावर गळतं.' त्यावर पेन्सिलीची रेघ. खाली आल्मा: 'एरिका, इकडे आज वारा ईशान्येचा आणि कुत्र्याने सकाळी अख्खा पाव पळवला.' रेघ. मग मुद्द्याच्या तीन ओळी, न खोडलेल्या: फट स्वच्छ खरवड, लाल शिशाचा रंग लाव, वर कडक होणारं लुकण दाबून भर, कंजुषी करू नको. आणि त्यांच्याखाली: 'पण हे फक्त डेकवर, बरं का! पाण्याखाली असलं काही घातलंस तर मी स्वतः येऊन तुझे कान उपटीन. खालचं लाकूड पाणी पिऊन फुगतं, त्याला हातपाय पसरायला जागा लागते. तिथे चरबी नि डांबर कालवून भर, ते आपलं आपण बाहेर येतं.'

या चार ओळींवरही रेघ होती. सरळ, न थांबता मारलेली. कान उपटण्याचं वाचलं आणि पेन्सिल थट्टा समजून पुढे गेली, इतकं साधं.

मूळ चर्चा जगात फक्त या एका कागदावर होती.

* * *

'काय गं, कोण मेलं?' सेनाडाने विचारलं.

धुलाईघरात दोघीच असायच्या. चादरीची दोन टोकं इंगेयेर्डकडे, दोन सेनाडाकडे. सेनाडा तीस वर्षांपूर्वी बोस्नियातून आली होती आणि गावातल्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलायची.

'कोणी नाही. एक होडी मोडली.'

'तुझ्याकडे तर नाही होडी.'

'दुसऱ्याची.'

चादरीच्या चार घड्या होईतो इंगेयेर्डने सांगून टाकलं. सेनाडाने ऐकून घेतलं, घडी चेपली, ढिगावर ठेवली.

'मग सांग ना त्यांना. एवढा काय विचार?'

'सांगितलं तर ते मला काढून टाकतील.'

'कुठून? कंप्युटरमधून?' सेनाडा हसली. 'बाई गं, नवरा गेला तेव्हा तू एक दिवस रजा घेतली नव्हतीस. होडी जाळलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गाणं गुणगुणत होतीस. आणि आता तोंड न पाहिलेल्या माणसांसाठी हा चेहरा?'

'तुला नाही कळायचं. तुझ्याकडे रविवारी अकरा माणसं जेवायला असतात.'

'बारा. नवी सून आली.' तिने पुढच्या चादरीची टोकं पकडली. मग जरा हळू आवाजात म्हणाली, 'तो म्हातारा काय करतोय मग?'

'गप्प आहे.'

'माझा बाप असाच गप्प झाला होता,' सेनाडा म्हणाली. 'ओढ जरा तुझ्याकडून. सुरकुती राहतेय.'

मंगळवार, बुधवार, गुरुवार गेले. रोज घरी आल्यावर ती लिहायला बसायची. दोन पानं व्हायची. मग सवयीने पेन्सिल चालायची आणि चार ओळी उरायच्या. चार ओळींत ते सगळं असं दिसायचं की छपाईत काहीतरी किरकोळ राहून गेलं असावं. ती फाडून टाकायची. होडीघरात लोक आता बरगड्या कशा बदलायच्या यावर बोलू लागले होते. आल्माला नावं ठेवणंही थांबलं होतं, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. कोणी त्याचं नावच काढत नव्हतं.

शनिवारी तिने काही टाकलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बारा वाजून गेल्यावर एकाने विचारलं, 'स्वालन, बरी आहेस ना?' आणखी एकाने लिहिलं, 'शनिवारला भोक पडलंय.' दुपारी एब्बाचा तिच्या एकटीसाठी निरोप आला.

'तू आल्माचं मनाला लावून घेतलंयस असं दिसतंय. तुझा काय दोष, तू फक्त लिहून ठेवलंस. त्याच्या मुलीशी बोललो मी. त्याचं खरं नाव हेल्मेर. तो आपली कार्यशाळा विकतोय, हत्यारांसकट. कोणीतरी कधीचा मागे लागला होता, त्याला आता हो म्हणालाय. गुरुवारी येणार तो. डोक्याच्या तपासणीसाठी स्वतःच डॉक्टरकडे नाव घातलंन. म्हणतो, एवढी गोष्ट विसरलो तर करवत हातात धरायचा मला हक्क नाही. वाईट वाटतं. तुझ्या जवळच राहतो तसा, ग्रेसोच्या उत्तरेला, शेवटच्या बसथांब्यापाशी.'

इंगेयेर्डने निरोप दोनदा वाचला. ग्रेसोचं बेट तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं.

* * *

रविवारी ती पिवळ्या फेरीबोटीने पलीकडे गेली आणि तिथून बसने शेवटच्या थांब्यापर्यंत. पान तिने प्लास्टिकच्या पाकिटात घातलं होतं.

म्हातारा कार्यशाळेच्या दारात बसून रंधे पुसत होता. प्रत्येक रंधा पुसून वर्तमानपत्रात गुंडाळत होता, जसं घर हलवताना काचेची भांडी गुंडाळतात. पायाशी एक काळा कुत्रा.

'वाट चुकलीस का?' त्याने विचारलं. 'समुद्र सगळीकडून सारखाच दिसतो इथे.'

'मी स्वालन.'

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे, धक्क्याकडे. 'होडीने आलीस?'

'बसने.'

'हं,' तो म्हणाला. 'बस, मग. कॉफी आहे. दूध नाही.'

कॉफी ओतेपर्यंत तिने धीर धरला, मग पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. पावाच्या ओळीशी तो थांबला, हसला. 'हा आधीचा कुत्रा. भारी चोर होता.' मग पुढे गेला. एकदा बोटाने पेन्सिलीची रेघ पुसल्यासारखी केली.

'म्हणजे मी म्हटलं होतं.'

'हो.'

'कान उपटीन म्हटलं होतं.'

'ती ओळ मी काढली. मला ती थट्टा वाटली.'

'थट्टाच होती. नुसतं सांगितलं तर कोण लक्षात ठेवतं? कान उपटीन म्हटलं की लक्षात राहतं.' तो उठून खिडकीपाशी गेला. 'सोमवारपासून रोज सकाळी उठून मी म्हणून बघतोय. बायकोची जन्मतारीख. मुलीची. मग कुत्री, पहिल्यापासून क्रमाने. नऊ कुत्री. काल एक सुटलं मधलं. घाम फुटला मला.'

इंगेयेर्डने कप खाली ठेवला.

'तुला कधी कळलं हे?' त्याने न वळता विचारलं.

'सोमवारी. संध्याकाळी.'

'आज रविवार.'

'हो.'

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. कुत्रा उठला, गोल फिरला आणि पुन्हा तिथेच बसला.

'तुझी होडी कशी आहे?' त्याने विचारलं, बहुधा काहीतरी विचारायचं म्हणून.

'नाहीये. आठ वर्षं झाली. वाल्बोरीला जाळली.'

आता तो वळला. 'कसलं लाकूड?'

'पाइन. बरगड्या ओकच्या.'

'चांगली जळली असेल.'

'फार.'

'आणि एवढी वर्षं तू...' त्याने वाक्य सोडून दिलं. टेबलावरचा फोन घेतला, लांब धरून मुलीचा नंबर दाबला. 'अनेली? मी. ऐक, गुरुवारी त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. नाही विकायची. नाही, डोकं जागेवर आहे. दुसऱ्याचं गेलं होतं. हो, आलीय ती इथे. कॉफी पितेय. नाही, ओरडलो नाही.' त्याने फोन ठेवला आणि वर्तमानपत्रातला पहिला रंधा उलगडायला घेतला.

ती जायला निघाली तेव्हा तो म्हणाला, 'मला दाखवून काय उपयोग? बरगड्या त्या पोराच्या मोडल्यात. तिथे लिही.'

'लिहिते.'

'सगळं लिही. कुत्र्यासकट.'

बसथांब्यापर्यंत सोडायला कोणी आलं नाही. पाऊण तास ती पत्र्याच्या आडोशाला बसून होती. बर्चच्या झाडांना नुकती पालवी फुटली होती, पानं अजून उंदराच्या कानांएवढी. फेरीबोटीवर एक बाई तिच्याशी हवेबद्दल काहीतरी बोलली, आणि इंगेयेर्डच्या लक्षात आलं की उत्तर द्यायला आपल्याला फार वेळ लागतोय.

* * *

त्याच दुपारी तिने ते टाकलं. एरिकाचा प्रश्न, वारा, पाव, लुकण, कान. खाली आपण काय खोडलं, का खोडलं, कळूनही किती दिवस गप्प बसलो, हे लिहिलं. आणि होडी नसल्याचंही. ते लिहायची तशी गरज नव्हती.

वेगाचं उत्तर पहिलं आलं. 'आल्मा, बोललो ते सगळं मागे घेतो. स्वालन, तुला काय म्हणावं मला कळत नाही. माझा मामा ती होडी चाळीस वर्षं वापरत होता.' एवढंच. त्याखाली पुष्कळ लोकांनी लिहिलं. काहींनी समजून घेतलं. 'चूक कोणाकडून होत नाही?' असं म्हणणारे म्हणाले, पण घाईघाईने, दारातून निघता निघता म्हणतात तसे. बरगड्यांपेक्षा होडी नसण्याचंच लोकांना जास्त लागलं होतं. 'आठ वर्षं? आणि आम्ही तुला डांबराचे भाव कळवत होतो?' 'मला रंगाचा उरलेला डबा पोस्टाने पाठवायचा होता तुला. बरं झालं नाही पाठवला.' एकाने नुसतं विचारलं, 'मग आता तुला काय म्हणायचं?'

एब्बाने शनिवारची सगळी पानं झाकून ठेवली. साडेपाचशेच्या वर होती. प्रत्येक पान मूळ चर्चेशी ताडून पाहिल्याशिवाय उघडायचं नाही, असं त्याने जाहीर केलं. मग दोन दिवसांनी तिला लिहिलं: 'ताडून पाहणार कोण? जुन्या जागेवरचं मूळ तर कोणाकडे नाही.'

'माझ्याकडे आहे,' तिने लिहिलं. 'मी करते.'

त्याचं उत्तर संध्याकाळी आलं, होडीघरातच, सगळ्यांसमोर. 'कर. पण नवं काही संकलन नको. जुनंच, प्रश्नासकट. आणि आल्मा वाचून हो म्हणाला तरच उघडीन.' त्याखाली आल्माने एक ओळ घातली होती: 'वाचीन. वारा वायव्येचा आहे, कुत्रा ओला आहे, वेळ आहे.' ती ओळ लोकांनी डोक्यावर घेतली. तीस-चाळीस जणांनी त्याला परत आल्याबद्दल काहीबाही लिहिलं. वेगाने त्याला विचारलं, बरगड्या वाफवायला किती वेळ लागतो. आल्माने दीड पान उत्तर दिलं.

तिचं नाव एब्बाने यादीत बदललं. सात-आठशे होड्यांच्या मध्ये आता एकच माणसाचं नाव होतं: इंगेयेर्ड. त्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही. काय बोलायचं ते लोकांना सुचत नसावं.

जून आला. शनिवारी सातला ती कॉफी घेऊन बसायची, फाईल उघडायची आणि पेन्सिलीने खोडलेलं एकेक वाक्य परत टंकायची. हवा. गुडघे. हेरिंग. कोणाचा मुलगा परीक्षेत नापास झाला, कोणाची बायको दवाखान्यात होती, कोणाला एकट्याने होडी ओढताना रडू आलं. हे सगळं तिने तेव्हा वाचलं होतं. वाचल्याशिवाय खोडणार कशी? पण एकही गोष्ट आठवत नव्हती. एका सकाळी जेमतेम तीन पानं व्हायची. या हिशेबाने चार वर्षं लागणार होती. हेल्मेर प्रत्येक पानाखाली 'ठीक' असं लिहायचा, दुसरं काही नाही.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक पान निघालं, चार वर्षांपूर्वीचं. होडीखाली फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्यातून पाणी गळतं, त्यावरची चर्चा. मध्येच 'लिन्नेया' नावाच्या कोणीतरी लिहिलेली ओळ होती आणि तिच्यावर इंगेयेर्डच्या हाताची सरळ रेघ.

'स्वालन, आम्ही दोघी ऑगस्टमध्ये ओरेग्रुंडला दोन दिवस नांगर टाकणार आहोत. तुला भेटायची फार इच्छा आहे. होडी नाही दाखवलीस तरी चालेल, कॉफी आम्ही करू. तू कुठल्या धक्क्यावर असतेस?'

तिने लिन्नेयाचं नाव शोधलं. तीन वर्षांत ती होडीघरात आली नव्हती. ती कुठली, होडी कुठे असते, काहीच नोंद नव्हती.

खाली बंदरात सुटीच्या होड्या येऊ लागल्या होत्या. दोर फेकल्याचे, पकडल्याचे आवाज वरपर्यंत येत होते. इंगेयेर्डने ती ओळ तिच्या जागी टंकली, दांड्याच्या उत्तराच्या वर आणि चरबीच्या उत्तराच्या खाली. पुढे आपण तिला काही उत्तर दिलं होतं का ते पाहिलं. नव्हतं. मग तिने पान उलटं ठेवलं आणि पुढचं घेतलं.